कोरडा ठणठणीत घोडा

एका उजाड माळाच्या कडेला एक घोडा आणि एक शेळी शेजाराने राहत असत. घोडा मनाचा चांगला, पण आपल्या अंगाचा त्याला भारी तोरा! वैशाखात माळावरचे गवत संपले, तेव्हा ती दोघे पलीकडच्या नदीकाठी जायला निघाली. शेळी घोड्याला अगदी खेटून चालत होती, कारण सकाळपासून एक लांडगा त्यांच्या मागावर होता. घोड्याच्या लाथेला तो भीत होता. ती लाथ नसती, तर शेळी केव्हाच संपली असती.

वाटेत एक लहानसा डोह लागला. शेळी पोटभर पाणी प्याली. घोड्याने मात्र मान फिरवली. "घाम आला तरच पाणी, ही आमच्या घराण्याची रीत आहे," तो म्हणाला. "बघ माझं अंग. एक थेंब तरी दिसतो का? मी ठणठणीत आहे!" शेळीने पुष्कळ विनवले, पण तो ऐकेना. लांडगा एका खडकाआड बसून हे सारे ऐकत होता. त्याला मुळीच घाई नव्हती. मुलांनो, शत्रूला घाई नसते ना, तेव्हाच खरे घाबरावे.

माळावर गरम वारा सुटला. थोड्याच वेळात घोडा अडखळू लागला. त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो एका मोठ्या दगडाला टेकून उभा राहिला. लांडगा आता उघड्यावरून, सावकाश जवळ येत होता. भेदरलेली शेळी टुणकन दगडावर चढली. समोर घोड्याची पाठ होती आणि तिच्यावर पांढरा थर दिसत होता. शेळीने तो चाटून पाहिला.

"दादा, हे तर मीठ! तुम्हाला सकाळपासून घाम येतोय. हा वारा तो दिसायच्या आत सुकवतोय."

"पण मी तर ठणठणीत..."

"आटलेल्या विहिरीलाही कोरडी ठणठणीतच म्हणतात, दादा! मागे फिरा, डोह जवळच आहे."

डोहाच्या वाटेवर लांडगा उभा होता. घोड्याचे पाय लटपटत होते, तरी तो सरळ त्याच्या अंगावर चालून गेला. लांडगा झेप घ्यायला दबकला. घोड्याने गर्रकन वळून लाथ झाडली. ती लागली नाही, पण लांडगा दचकून बाजूला झाला. तेवढ्यात दोघांनी डोह गाठला. घोडा थांबत थांबत पाणी प्याला आणि हळूहळू त्याचे कान ताठ झाले.

"आज वाचलास," लांडगा लांबूनच म्हणाला. "पुन्हा कोरड्या अंगाचा तोरा मिरवशील, त्या दिवशी मी येईनच."

 घोड्याने पुन्हा पाण्याला तोंड लावले.

तात्पर्य : घाम दिसला नाही म्हणजे आला नाही, असे समजू नये; अंगातून गेलेले पाणी वेळीच भरून काढावे.