धनेश राजा आणि तीन डोह

एका राज्यात राजा होता, पण त्याला चोच होती. अरिमर्दन राजानं करालनाथ मांत्रिकाचा भर दरबारात पाणउतारा केला, म्हणून मांत्रिकानं त्याचा धनेश पक्षी करून टाकला होता. पक्षी सिंहासनाच्या पाठीवर बसून न्याय देई, आणि बरा देई. पण तलवार धरायला हात नव्हते, म्हणून शेजारचे राजे सीमा कुरतडू लागले. शाप लागला तेव्हा राजाची धाकटी बहीण कनकाई अगदी लहान होती. भावाला खांद्यावर घेऊन राज्य हाकता हाकता तिचे केस पिकायला लागले.

शेवटी ती पक्ष्याला आणि प्रधानजींना घेऊन करालनाथाच्या डोंगरावर गेली. तिथे तीन डोह होते.

"यातला एक शाप उतरवतो," मांत्रिक म्हणाला. "राजाला एकदाच बुडवता येईल. बाकी परीक्षा हवी तेवढी घ्या."

कनकाईनं दह्याची वाटी दोरीनं पहिल्या डोहात सोडली. वर आलं दूध. पुन्हा दही सोडलं, तर वाटीत काटे. दुसऱ्या डोहानं दह्याचं सोन्याचं कमळ केलं, आणि प्रधानजींचे डोळे लकाकले. पुन्हा सोडलं, तर बेडूक टुणकन बाहेर आला. तिसऱ्यानं दूध दिलं. पुन्हा दूध, पुन्हा दूधच. मग तिनं खवा सोडला. तरी दूध!

"आक्कासाहेब, हाही लबाड," प्रधानजी म्हणाले. "दह्यालाही दूध अन् खव्यालाही दूध!"

"दोघांना एक उत्तर चालेल, प्रधानजी. एकाला दोन उत्तरं नकोत."

मांत्रिकानं मान डोलावली. "ओळखलंत. वस्तू बदलण्याआधी जशी होती, तशीच हा डोह परत देतो. मधलं काही उरत नाही. पहिल्या डोहातून मात्र कधी कधी माणूस आठवणींसकट येतो."

"आणि कधी कधी?"

"काटे."

पक्ष्यानं मान वाकडी केली. "कनके, आपली इतकी वर्षं जातील?"

"तुमची जातील, दादा. माझ्यापाशी राहतील."

"मग पहिला डोह बघू या."

"नाही. तुम्हाला मी डावावर लावणार नाही."

तिला रडू आलं. तिनं ते आवरलं नाही. मग डोळे पुसून पक्षी तिसऱ्या डोहात बुडवला.

वर आला तो मिसरूड फुटलेला तरणा राजा. शाप उतरला. पुढे सीमाही सावरल्या आणि कुरतडणारे राजे नजराणे घेऊन आले. पण त्या घटकेला राजा काठावर ओलाचिंब उभा होता. त्यानं चहूकडे पाहिलं आणि समोरच्या पिकल्या केसांच्या बाईला अदबीनं विचारलं,

"बाई, माझी धाकटी बहीण दिसली का कुठं? लहान आहे हो. मी दिसलो नाही की घाबरते."