थोरलीचा डावा डोळा

कोणे एके काळी, जेव्हा घाटांना वाटा नव्हत्या आणि राजाचे जासूदही पायीच हिंडत, तेव्हा एका उभ्या कड्यावर एक गड होता. गडावर जायला एकच पायवाट, आणि पावसाळा लागला की तीही दरडीखाली गडप व्हायची. मग वरच्या माणसांनी चार महिने खायचं काय? तुम्ही लहान असाल तर हे विचारालच, आणि थोर असाल तर विचारायला लाजाल. उत्तर कड्याच्या पायथ्याशी सटवाजीच्या घरात पोट पसरून पडलेलं असायचं.

सटवाजी घोरपडी पाळायचा. लहानसहान नव्हे, शेपटीसकट माणसाच्या उंचीच्या. घोरपडीच्या कमरेला सुतळी बांधून तिला कड्याशी सोडली की ती सरसर वर जायची. वरची माणसं सुतळी ओढून घेत. सुतळीमागून दोर जायचा आणि दोराला बांधून धान्याच्या पाट्या. काम झालं की दोर खाली टाकायचा, नाहीतर शत्रू चढेल, असा राजाचा हुकूम होता. म्हणून प्रत्येक खेपेला घोरपड लागायचीच.

आता घोरपड म्हणजे काही मांजर नव्हे. ती चावते. चावली की सोडत नाही, आणि आपण हात ओढला तर मांस तिच्याकडे राहतं. सटवाजीच्या घरातलं शेंबडं पोरही सांगायचं की हात ओढायचा नाही, घोरपडीसकट तो दगडी डोणीतल्या पाण्यात बुडवायचा आणि ती जबडा उघडेपर्यंत गप उभं राहायचं. मग मिठाच्या पाण्यानं जखम धुवायची, हळद दाबायची, आणि हळद दाबण्याआधी उंबऱ्यापाशी उभं राहून मान खाली घालून म्हणायचं, "चूक माझी."

ही त्या घराची रीत होती. सटवाजीच्या पणजोबानं एकदा चावलेल्या घोरपडीला काठीनं बडवलं. ती पुढे चढेना आणि त्या वर्षी गडावर माणसं उपाशी राहिली. तेव्हापासून ठरलं की जनावराला बोल लावायचा नाही. रीत वाईट नव्हती. हाताला मासळीचा वास ठेवून घोरपडींच्या खोलीत गेलं, अंडी द्यायला उशीर केला, शेपटीवर पाय दिला, तर चूक पाळणाऱ्याचीच असते. सटवाजीच्या हातांवर अकरा खुणा होत्या. पाहुणा आला की तो बाह्या सरसावून त्या दाखवायचा आणि प्रत्येक खुणेबरोबर आपली एकेक चूक सांगायचा. आपल्या चुका इतक्या हौसेनं सांगणारा माणूस मी दुसरा ऐकला नाही.

त्याची बायको मागेच वारली होती. मुलगा पावसाळाभर वर गडावर दोर ओढायच्या कामाला असे. मुलाचं लग्न झालं आणि घरात सून आली. तिचं नाव गोजरा. ती दोर वळणाऱ्यांच्या घरातली. अंबाडीचा वाख तिच्या उजव्या हातात आला की दोर असा एकसारखा उतरायचा की वरच्या माणसांनी निरोप धाडला, यंदाचा दोर हाताला सोलत नाही. सटवाजीला सुनेचा अभिमान वाटला. त्यानं तो तिला सांगितला नाही, शेजाऱ्यांना सांगितला.

घोरपडींमध्ये सर्वांत वडील होती ती थोरली. सटवाजीच्या हातून ती अंडं खायची, त्याच्या मांडीवर डोकं टेकायची. तो नेहमी अंगणाच्या दारानं तिच्या खोलीत जायचा आणि तिच्या उजव्या अंगाला बसायचा. झाडलोट करणाऱ्यानं मात्र मागच्या दारानं जायचं, अशी तिथली सोय होती.

आषाढात गोजरा मागच्या दारानं झाडायला गेली आणि थोरलीनं तिच्या अंगठ्याच्या बुडाशी दात रोवले. पोरीनं हात ओढला नाही. तशीच डोणीपाशी गेली, हात बुडवला आणि ओठ घट्ट मिटून उभी राहिली. थोरलीनं जबडा सोडला तेव्हा सटवाजी हळद घेऊन उंबऱ्यापाशी वाट पाहत होता.

"म्हण," तो म्हणाला.

"म्यां काय केलं न्हाई, मामंजी. नुसती झाडत व्हते."

"काय तरी केलं असशील. बिनचुकीची चावत न्हाई ती."

गोजरा म्हणाली, "तिला डाव्या अंगाचं दिसत न्हाई वाटतं. मी पार जवळ जाईस्तोवर तिनं मान हलवली न्हाई, आन् मग एकदम दचकली."

सटवाजीच्या कपाळाला आठी पडली. चार महिन्यांची सून, आणि थोरलीला नावं ठेवते. "ज्या जनावरानं गड जगवला, त्याच्यात खोट काढायची न्हाई या घरात. म्हण आधी."

हळद त्याच्या मुठीत होती आणि गोजराच्या हातातून रक्त ठिबकत होतं. ती म्हणाली, "चूक माझी." त्यानं हळद दाबली. हात हळुवार होता हो त्याचा, दुष्ट माणूस नव्हता तो. पण दुष्टाच्या हातून होणार नाही ते भल्या माणसाच्या रीतीतून झालं, आणि म्हणून तर ही गोष्ट सांगताना मला राग येतो.

श्रावणात थोरली दुसऱ्यांदा चावली. या वेळी गोजरा स्वतःच उंबऱ्यापाशी आली आणि विचारायच्या आत "चूक माझी" म्हणून मोकळी झाली. सटवाजीला बरं वाटलं. त्या संध्याकाळी तो शेजाऱ्याला म्हणाला, "सून घराला रुळली आता."

भाद्रपदात थोरली तिसऱ्यांदा चावली. ते सटवाजीला कळलंच नाही. गोजरानं डोणीत हात बुडवला, चिंधी बांधली, पदर ओढून घेतला आणि चूल पेटवायला बसली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तिची मूठ पदराखाली झाकलेली होती आणि आत कुजत होती.

सटवाजीला काही दिसलं नाही असं नाही. भाकरी एका बाजूनं जाड येऊ लागली होती. दोराला पीळ कुठे सैल, कुठे घट्ट पडत होता. एकदा त्यानं दोर हातात घेऊन म्हटलं, "हा काय दोर वळलायस?" ती म्हणाली, "चूक माझी, मामंजी." तो पुढे काही बोलला नाही. चूक कबूल केल्यावर बोलायचं काय उरतं? त्याला उत्तर मिळालं होतं आणि उत्तर मिळालं की माणूस विचारायचं थांबतो.

आठव्या दिवशी ती पाणी शेंदताना विहिरीच्या काठावर कोसळली. बायकांनी तिला उचलून घरी आणलं. पदर बाजूला केला तेव्हा खोलीत दर्प पसरला आणि एक बाई तोंडाला हात लावून बाहेर गेली. हात कोपरापर्यंत सुजला होता आणि बोटं काळी पडली होती.

वैदू आला. त्यानं हात पाहिला, मग सटवाजीकडे पाहिलं. "पयल्या दिशी दावला असता तर पाल्यानं भागलं असतं," तो म्हणाला. "आता हात ठेवला तर पोर जाईल."

सटवाजी सुनेच्या उशाशी बसला. "सांगितलं का न्हाईस गं?"

गोजरानं डोळे उघडले. तापानं ते लाल झाले होते. "सांगून काय व्हणार व्हतं, मामंजी? चूक माझीच निघाली असती."

वैदूनं मनगटाच्या वरून हात काढला. पोर जगली.

आता झाडलोट करायला कोणी नव्हतं. काही दिवसांनी सटवाजीनंच झाडू घेतला आणि जन्मात पहिल्यांदा तो मागच्या दारानं आत गेला. थोरली भिंतीशी पडलेली होती, डावं अंग त्याच्याकडे करून. तो दोन हातांच्या अंतरावर आला तरी ती हलली नाही. आणखी एक पाऊल टाकलं तशी ती दचकली, वळली आणि तिनं त्याचा हात धरला.

त्यानं हात ओढला नाही. डोणीपाशी जाऊन त्यानं तो पाण्यात बुडवला आणि वाट पाहत उभा राहिला. थोरली सोडायला वेळ घेत होती. तिचं तोंड त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होतं. अकरा वेळा तो असा उभा राहिला होता, पण प्रत्येक वेळी त्याचं लक्ष आपली चूक शोधण्यात गेलं होतं. त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा जनावराकडे पाहिलं. तिच्या डाव्या डोळ्यात फूल पडलं होतं. सबंध डोळा दह्यासारखा पांढरा झाला होता. एका दिवसात होणारं दुखणं नव्हतं ते.

पोरीनं सांगितलं होतं. आषाढातच, याच डोणीपासून आठ पावलांवर उभं राहून, रक्त गळत असताना तिनं सांगितलं होतं.

थोरलीनं जबडा उघडला. सटवाजी उंबऱ्यापाशी गेला आणि मान खाली घालून म्हणाला, "चूक माझी." हे शब्द त्यानं जन्मभर म्हटले होते, पण इतके खरे ते कधीच नव्हते. ऐकायला तिथं कोणी नव्हतं.

मग त्यानं दगड आणून मागचं दार बुजवलं. अर्ध्या दिवसाचं काम होतं. त्यानंतर थोरली कोणाला चावली नाही.

दसऱ्याला मुलगा गडावरून उतरला. त्यानं बायकोकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि वाख पुढे ओढून दोर वळायला बसला. बापाशी तो त्यापुढे कामापुरतंच बोलला.

गोजरा डाव्या हातानं सगळं करायला शिकली. दूध उतू गेलं की ती म्हणायची, "चूक माझी." छप्पर गळलं की म्हणायची, "चूक माझी." शेजारीण सांगत आली की तिचं वासरू गेलं, तर गोजरा चुलीपुढून मान न वळवता म्हणाली, "चूक माझी."

एके दिवशी सटवाजीला ते ऐकवेना. तो तिच्यापुढे जमिनीवर बसला. सासऱ्यानं सुनेपुढे असं बसायची रीत नव्हती. तो म्हणाला, "पोरी, तुझी चूक नव्हती. थोरलीला दिसत नव्हतं. तू सांगितलंस आन् म्या ऐकलं न्हाई. चूक माझी."

गोजरा त्याच्या हातावरच्या बाराव्या खुणेकडे पाहत राहिली. मग तिनं डाव्या हातानं डबा ओढला, चिमूटभर हळद घेतली आणि त्याच्या हातावर ठेवली.

"न्हाई, मामंजी," ती म्हणाली. "चूक माझी."

सटवाजी पुढे दहा वर्षं जगला. रोज एकदा तो तिला तेच सांगायचा आणि रोज ती तेच उत्तर द्यायची. दहा वर्षांत तिनं एकदाही त्याच्यावर विश्वास ठेवला नाही.

लहानथोरांनो, या गोष्टीतून गाठीला बांधायचं ते एवढंच: ज्या घरात जखमेकडे बघण्याआधी जखमीकडून चूक कबूल करून घेतात, त्या घरात पुढची जखम कोणी दाखवत नाही.