माथ्याचा दगड

धारखेड्यात तुम्ही आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला आलात, म्हणून तुम्हाला हे दिसतंय. एरवी या चुलींत नवल काही नाही. पुढे दोन तोंडांची चूल, मागे तिच्याच आगीवर तापणारी दगडी घुमटाची भट्टी. पण आज एकाही भट्टीला माथा नाही. घुमटात भोक, त्यावर मातीचं परळ झाकलेलं. भट्टीत भाजलेल्या कणकेच्या बट्ट्या एका अंगाने पांढऱ्या राहिल्या तर नावं ठेवू नका. हे भोक मुद्दाम ठेवलेलं आहे.

असं सांगतात की पहिली भट्टी रुंजाजी पाथरवटाने बांधली. डोंगरापलीकडच्या बोरमाळचा तो. लेक ठकू इथे दिलेली. त्याने म्हणे तिला जमिनीवर बसवलं, तिचा हात कुठवर पोचतो ते दोरीने मोजलं आणि त्या बेताने चूल मांडली. घुमट चढवला, पण माथ्याचा दगड राहिला. इथला दगड आगीत तडकतो, बोरमाळच्या खाणीतला टिकतो. रुंजाजीने भोकाचं माप दोरीला गाठ मारून घेतलं आणि दगड घडवून आणतो म्हणून गेला.

त्या पावसाळ्यात तो वारला. दगड मात्र घडवून ठेवला होता. पुढच्या आखाजीला ठकूची आई पुंजाबाई तो डोक्यावर घेऊन खिंड उतरून आली.

आता हे ध्यानात घ्या, लेकीच्या सासरी कामावाचून पाऊल ठेवायचं नाही, अशी तेव्हाची रीत. आणि ठकूची सासू सुनेला माहेरी धाडणारी नव्हती. गावच्या सुना आखाजीला माहेरी झोके घ्यायच्या, ही इथे शेण सारवायची. दगड बसला की आईला यायला निमित्त उरणार नव्हतं. ठकूने दगड उचलला, भोकावर तिरका धरला आणि म्हणाली, "माय, बसत नाही हा. माघारी ने. जरा घासून आण."

नवऱ्याचं माप कधी चुकलं नव्हतं हे पुंजाबाईला ठाऊक होतं. तिने लेकीच्या तोंडाकडे पाहिलं, चुंबळ सारखी केली आणि दगड पुन्हा डोक्यावर घेतला. "आणते पुढच्या आखाजीला," एवढंच म्हणाली.

मग दर साली तेच. सासू येताजाता टोमणे मारी, "हिचा बाप पाथरवट होता की कोण?" मेलेल्या बापाच्या हाताला नावं ठेवलेली ठकूला फार लागायची. तरी दगड ती दर साली तिरकाच धरी. आईचं तोंड वर्षातून एकदा दिसत होतं, त्याची ती किंमत होती.

एका आखाजीला दगड आला तो भावाच्या खांद्यावर. आई गेल्याचं त्याने दारातच सांगितलं. ठकू रडली नाही म्हणतात. तिने दगड घेतला, सरळ धरला आणि भोकावर ठेवला. तो असा बसला की फटीत काडी शिरली नसती. भाऊ पाणी पिऊन निघून गेला.

सासू चुलीपाशीच बसली होती. इतक्या वर्षांचे आपले टोमणे तिला एकदम आठवले असतील. तिने त्या माथ्याच्या कडेवरून बोट फिरवलं. मग उठली, सांडशीच्या टोकाने दगड उचकटला आणि सुनेच्या ओटीत घातला.

"बसत नाही गं हा, ठके," ती म्हणाली. "माहेरी ने. घासून आण. घाई नको करू."

ठकू त्या दिवशी लग्नानंतर पहिल्यांदा खिंड चढली. वर पोचली तेव्हा आईच्या उंबऱ्यात आई नव्हती, हे काही कुणाला बदलता आलं नाही. भावाच्या अंगणात ती तो दगड मांडीवर घेऊन बसून राहिली, असं बोरमाळचे लोक सांगतात.

आता पोरी मोटारीने जातात. कुणाची आई असते, कुणाची नसते. पण आजही आखाजी जवळ आली की धारखेड्यातली सासू आपल्या हाताने माथ्याचा दगड काढते, सुनेच्या ओटीत घालते आणि बसत नाही म्हणून सांगते. इतक्या पिढ्या हे दगड घासायला जातात, पण अजून एकही घासला गेलेला नाही.