ओंजळभर मातीतली जास्वंद

मी तिसरी नापास. जन्म कुंड्या उचलण्यात गेला, आणि आता म्हणे गोष्ट लिहा! सूनबाई तीन दिवस चहा वहीशेजारीच आणून ठेवते, म्हणजे सुटका नाही. बरं, लिहितो. पण मधे कुणी 'असं कसं?' म्हणून विचारायचं नाही. तसंच झालं होतं.

एका राज्यात हेमकेतू नावाचा राजा होता. राजा उंच, सिंहासन त्याहून उंच. एकदा दरबारात ठेंगण्या चणीचा एक मांत्रिक आला. त्याला मानाचं आसन दिलं, पण त्यावर त्याला चढता येईना. राजा हसला. राजा हसला म्हणून दरबार हसला. मांत्रिक काही हसला नाही.

"राजा, उंचीचा माज आहे तुला. तुझ्या लेकीचं पाऊल जमिनीला लागलं की तिची शिळा होईल. आणि अठरावं वर्ष सरलं, की पाऊल न लागताही होईल."

राजाने हात जोडले. "उःशाप द्या."

"जगात कधी न फुललेली जास्वंद ओंजळभर मातीत फुलव. झाड लेकीच्या गुडघ्याच्या वर जाता कामा नये. ती फुलेल त्या क्षणी शाप सुटेल."

राजकन्या इंदुलेखा झोपाळ्यावर वाढली. राजबागेत जास्वंदीच्या झाडाशेजारी तिचा झोपाळा. जेवण तिथे, झोप तिथे, अभ्यासही तिथेच. पाय मऊ राहिले, जीभ मात्र तिखट झाली.

तिला सोळावं लागलं, तरी नवी जास्वंद काही होईना. तुळसा माळीण फांद्या लावून लावून थकली. लाल झाडाच्या फांदीला लालच फूल येई आणि झाड वाढे माडीएवढं.

एके सकाळी फुलातला मध पिणारा शिंजीर पक्षी बोलला, "माळीणबाई, फांदीतून तेच झाड पुन्हा येतं. नवं हवं तर बी हवं."

"जास्वंदीला बी? चाळीस वर्षं माती उकरतेय, कधी दिसलं नाही."

"दिसेल कसं? देवाच्या नावाने सकाळीच सगळी फुलं ओरबाडता. बाळ व्हायच्या आधी आईच परडीत!"

तुळसा खजील झाली. शिंजीर म्हणाला, "तीन कामं कर. यक्षिणीच्या कड्यावर वीतभर उंचीची जास्वंद आहे, तिचा पराग आण. तो इथल्या फुलाच्या टोकावरच्या पाच ठिपक्यांना लाव आणि ते फूल झाडावरच राहू दे. बी रुजलं, की नको ती रोपं उपटून टाक. रडायचं नाही."

तुळसा गरुडाच्या पाठीवर बसून कड्यावर गेली. तिथे यक्षिणी तोंड पाडून बसलेली.

"माझ्या झाडाला तीनशे वर्षांचा शाप आहे. पानं चिकट होतात."

तुळसाने पान उलटून पाहिलं. "शाप कसला, बाई? पिठ्या ढेकूण आहे. रिठ्याच्या पाण्याने धुवा, मुंग्या चढू देऊ नका."

यक्षिणीने परागाची डबी दिली. "तीन दिवस ताजा राहील. चौथ्या दिवशी राख होईल."

पहिल्या सकाळी तुळसाने फुलाला पराग लावला आणि पाण्याला वळली. तेवढ्यात राजपुरोहित घनशर्म्यांची फुलं ओढायची आकडीची काठी आली आणि फूल परडीत पडलं. "एकशे आठ लागतात, बाई. देवाला एकशे सात चालत नाहीत."

दुसऱ्या सकाळी तुळसाने दुसऱ्या फुलाला पराग लावला आणि राजा स्वतः तलवार घेऊन पहाऱ्याला उभा राहिला. पुरोहिताला बागेत पाऊल टाकू दिलं नाही. मग देवळात शंख वाजला, आणि शंख वाजला की हात फुलाकडे जायचा ही राजाची लहानपणापासूनची सवय. फूल तोडून, डोळे मिटून, देवळाकडे तोंड करून राजा उभा. डोळे उघडले तेव्हा हातात काय आहे ते त्याला कळलं.

तिसऱ्या सकाळी इंदुलेखा म्हणाली, "आबासाहेब, तुम्ही वाड्यात बसा. जीव माझा आहे, पहारा मीच करते."

तुळसाने तिसऱ्या फुलाला पराग लावला, तसं तिने झोपाळ्यावरून वाकून ते दोन्ही तळव्यांत झाकलं. आकडी आली, तशी तिने पायाने उडवली.

"राजकन्ये, देवाचं फूल अडवता?"

"गुरुजी, देवाने विचारलं तर माझं नाव सांगा. आणि उत्तर काय आलं ते मलाही सांगा."

घनशर्मा एकशे सात घेऊन गेले. देवाने काहीच विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाकळ्या गळल्या. बोंड धरलं, पिकलं, तडकलं. आत तेरा बिया. तुळसाने तेरा करवंट्यांत ओंजळ ओंजळ माती भरून त्या पेरल्या. दहा रुजल्याच नाहीत. एका रोपाला आईसारखंच लाल फूल आलं, ते उपटलं. दुसरं सज्ज्याच्या वर गेलं आणि त्याला परातीएवढं सोनेरी फूल आलं. राजा हरखला. "हेच ठेवू!"

तुळसा म्हणाली, "महाराज, लेक हवी की परात?" आणि तिने मुळासकट उपटलं. रडली, पण पाठ फिरवून.

उरलं एक. गुडघ्याच्या खाली, करवंटीत ठाण मांडून. त्याला कळीच येईना. अठरावं सरायच्या आदल्या दिवशी एक आली, तीही मुगाएवढी.

सरत्या दिवशी सकाळी इंदुलेखेच्या पायाची बोटं दगडाची झाली, मग घोटे. "तुळसामावशी, कळीला सांग, लवकर कर," ती हसत म्हणाली. दगड गुडघ्याला टेकला आणि कळी फुटली. कडा हळदीच्या, मधे पिकल्या जांभळाचा डाग. असं फूल पृथ्वीवर कुणी पाहिलं नव्हतं.

दगड विरघळला. इंदुलेखा खाली उतरली, दोनदा पडली, तिसऱ्यांदा चालली. मांत्रिक फूल बघायला आला, तेव्हा राजा सिंहासन सोडून त्याच्याशेजारी चटईवर बसला. राज्यात दवंडी पिटली: दर झाडावर एक फूल बियांसाठी राहील. कुंड्या भरल्या, राज्य मार्गी लागलं, पुढचं त्यांचं ते बघतील.

आमच्या आळीत ही दवंडी पोचलेली नाही. गेल्या चैत्रात माझ्या कुंडीतल्या फुलाला मी पराग लावला होता, खूण म्हणून दोरा बांधला होता. ते दोऱ्यासकट देवाला गेलं. देवाने मागितलं नव्हतं. मागितलं असतं तर मीच नेऊन वाहिलं असतं. माफी अजून आलेली नाही, आणि ती ज्यांच्याकडून यायची ते गृहस्थ म्हणजे समोरचे मनोहरपंत उकिडवे.