डोंगरूआजोबांचं फळ

माणसं नव्हती, घरं नव्हती, तुम्ही नव्हता, आम्ही नव्हतो. तेव्हाची गोष्ट.

बिळात राहायची चिटुकली. उंदराएवढी, केसाळ केसाळ. शेजारी राहायचे डोंगरूआजोबा. डायनोसॉर ते! तीन बोटांचे मोठ्ठे मोठ्ठे पाय. रोज झाड हलवायचे, गदागदा. फळ पडायचं, टप्प!

"घे गं चिटुकले, पिल्लाला दे."

एक दिवस आकाशातून धोंडा आला. धडाम्! धूळच धूळ! ऊन गेलं, झाडं वाळली. मोठ्ठे मोठ्ठे डायनोसॉर उपाशी मेले. डोंगरूआजोबाही गेले. चिटुकली खूप खूप रडली.

किडे खाऊन दिवस काढले. किडेही संपत आले.

"आई, भूक!" पिल्लू म्हणालं.

चिटुकलीला सवय, उरेल ते पुरायचं. आजोबांच्या फळाची बी तिनं पुरली होती.

"बीबाई, उगव ना! पोट भरेना."

"ऊन पडू दे, मग उगवते."

निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.

"सूर्यदादा, ऊन पाड ना! बी उगवेना, पोट भरेना."

"धूळ बसू दे, मग पाडतो."

तुरुतुरु तुरुतुरु.

"धूळताई, खाली बस ना! ऊन पडेना, बी उगवेना, पोट भरेना."

"पाऊस येऊ दे, मग बसते."

तुरुतुरु तुरुतुरु.

"पाऊसमामा, या ना! धूळ बसेना, ऊन पडेना, बी उगवेना, पोट भरेना."

"वारा वाहू दे, मग येतो."

दमली बिचारी. तरी तुरुतुरु तुरुतुरु.

"वारेकाका, वाहा ना! पाऊस येईना, धूळ बसेना, ऊन पडेना, बी उगवेना, पोट भरेना!"

"खॉक खॉक! कसा वाहू? नाकात धूळ, घशात धूळ. कुणी पाठ चोळू दे, मग वाहतो."

"एवढंच ना? वाका बघू!"

माती उकरणारे पंजे ते! पाठ चोळली, खरखर खरखर.

आऽऽक्छी!

वारा वाहिला, सूं सूं. पाऊस आला, रपरप. धूळ बसली. ऊन पडलं. बी उगवली!

"एकच पान खा हं," चिटुकली म्हणाली. पिल्लानं खाल्लं, कुरुम कुरुम. रोज एक पान. पिल्लू वाढलं, रोप वाढलं. रोपाचं झाड झालं, झाडाला फळं लागली.

पण फळं वर, चिटुकली खाली! आता झाड हलवणार कोण?

फडफड फडफड! फांदीवर इवलंसं पाखरू बसलं. चोच मारली, टक्. फळ पडलं, टप्प!

"घे गं चिटुकले, पिल्लाला दे."

चिटुकलीनं वर पाहिलं. एक, दोन, तीन बोटं!

"अगं बाई! हे पाय तर डोंगरूआजोबांचे!"

"मग! नात कुणाची मी?"

चिटुकली हसली, रडली, पुन्हा हसली. आणि पिल्लाचं पोट भरलं.