ओदिलची भर

फार वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये मोंब्रेल नावाच्या टेकडीवर रुव्हेल घराण्याची द्राक्षबाग होती. बाप वारला तेव्हा मागे राहिले दोन मुलगे, गास्पार आणि आन्सेल्म, आणि त्यांची बहीण ओदिल. भाऊ मोठे कष्टाळू, आणि त्याहून मोठे हट्टी.

एका वर्षी द्राक्षं कधी तोडायची यावरून दोघांचं वाजलं. थोरला गास्पार म्हणाला, आजच तोडू, पाऊस येईल. धाकटा आन्सेल्म म्हणाला, अजून आंबट आहेत, थांबू. मग एकानं उगवतीची बाजू लगेच तोडली, दुसऱ्यानं मावळतीची बऱ्याच दिवसांनी, आणि तेव्हापासून दोघांनी बोलणंच टाकलं. तळघरात एकाची पिंपं डावीकडे, दुसऱ्याची उजवीकडे. जेवताना मीठ हवं असलं तरी ओदिलला सांगायचे, "त्याला म्हणावं, मीठ दे." आणि तो शेजारीच बसलेला! असं म्हणतात, की कुणाच्या बाजूला बसावं ते न कळून घरातलं मांजरसुद्धा उंबऱ्यावर झोपायचं.

शेवटी ठरलं, की वेलींना फुलोरा आला की तळघरात मधोमध भिंत घालायची आणि घर, बाग, सगळं वेगळं करायचं.

"आणि मी भिंतीच्या कुठल्या बाजूला राहू?" ओदिलनं विचारलं. गास्पार तळघराची लांबी मोजायला गेला आणि आन्सेल्म विटा मोजायला. तिला ते फार लागलं.

आता वाइनच्या घरात एक काम असतं. पिंपाचं लाकूड आतली वाइन हळूहळू पितं. वर जागा रिकामी राहिली की हवा शिरते आणि वाइन आंबून जाते. म्हणून अधूनमधून पिंपात त्याच वाइनची भर घालावी लागते. हे काम ओदिलचं. त्या हिवाळ्यात तिनं काय केलं, तर गास्पारच्या पिंपातून सुरई भरून आन्सेल्मच्या पिंपात ओतली, आणि आन्सेल्मची गास्पारच्या. कुणाला एका शब्दानं सांगितलं नाही. असं म्हणतात, की तिनं ओंजळभर ओतली तरी अख्खं पिंप ढवळून निघायचं.

फुलोरा आला आणि गवंडीही आला. त्यानं ओळंबा सोडला, पण तो सरळ राहीना. एकदा डावीकडे झुके, एकदा उजवीकडे. आणि हिवाळाभर गप्प असलेली पिंपं एका सुरात गुणगुणू लागली. असं म्हणतात, की तो आवाज खाली नदीवर कपडे धुणाऱ्या बायकांनाही ऐकू गेला. गवंडी घाबरला. भावांनी त्याला धीर यावा म्हणून पेला दिला, अर्थात प्रत्येकानं आपापल्या पिंपातला. तो एक प्याला, मग दुसरा प्याला, आणि म्हणाला, "दोन पेले कशाला? वाइन तर एकच आहे."

भाऊ खवळले. मग दोघांनीही चाखली. लवकर तोडलेल्या द्राक्षांचा तजेला आणि उशिरा तोडलेल्यांची गोडी, दोन्ही दोन्हीकडे होती. अशी वाइन त्यांच्या बापाच्या हातूनही झाली नव्हती.

"हे तू केलंस?" गास्पार ओदिलवर ओरडला.

"मीच केलं, दादा," ओदिल म्हणाली. "भिंत खुशाल घाला. पण आधी वाइन वेगळी करा. तुझी तू काढून घे, त्याची त्याला दे."

गास्पार अजून एक घोट प्याला. मग आन्सेल्मकडे वळून म्हणाला, "पुढच्या वर्षी कधी तोडायची?"

गवंडी घरी गेला.

आजही मोंब्रेलला फुलोरा आला की घरोघरचे लोक आपल्या पिंपातून सुरई भरून शेजाऱ्याच्या पिंपात ओतून येतात. यालाच ओदिलची भर म्हणतात. ज्याच्याशी बोलणं टाकलंय त्याच्याकडे आधी जायचं, असा नेमच आहे. आणि गंमत अशी, की ओतणाऱ्याला सुरईआड पिंपाच्या आतलं दिसत नाही. कितपत भरलं ते त्या घरच्यानं वाकून बघायचं असतं. राग कितीही असो, वाइन जमिनीवर सांडू देणारा माणूस मोंब्रेलमध्ये अजून जन्मला नाही. त्यामुळे "पुरे" एवढं तरी त्या घरच्याला बोलावंच लागतं.