कोसरीची बयजा आणि न सुटणारा लाल

फार वर्षांपूर्वी, रंगाची पूड डब्यात मिळू लागली त्याच्याही कितीतरी आधी, वैनगंगेच्या काठी कोसरी गावात बयजा नावाची रंगारीण राहत होती. तिला कुणी कधी बसलेलं पाहिलं नाही, असं म्हणतात. भाकरीसुद्धा ती उभ्यानं खायची, आणि खाताना दुसऱ्या हातानं कढई ढवळायची.

गावात घरोघरी माग. कोष्टी सूत द्यायचे, बयजा ते आल नावाच्या झाडाच्या मुळ्यांनी लाल रंगवायची, आणि कोष्टी त्याची लुगडी विणायचे. लाल दिसायला देखणा, पण पहिल्याच धुण्याला नदीत उतरायचा. आता गिऱ्हाईक एकदा फसतं, दुसऱ्यांदा त्या वाटेला येत नाही, हे बाजारात बसणाऱ्या कुणालाही विचारा. एका वर्षी सगळी लुगडी बाजारातून जशीच्या तशी परत आली.

कोष्ट्यांचा म्होरक्या हरबाजी बयजाच्या दारात येऊन उभा राहिला.

"काहून वं बयजा, तुह्या लालानं माह्या जावयाचं धोतर गुलाबी केलं. लोक नाच्या म्हनतात त्याले."

"शोभत असंल त्याले."

"हासू नको. दिवाळीपर्यंत रंग पक्का नाही झाला, तर आम्ही माग उचलून नदीपलीकडं जातो."

बयजानं ढवळणं थांबवलं. "आजपासून माह्या हातून कच्चा रंग गावाबाहेर जानार नाही," ती म्हणाली.

तुरटी वाढवून पाहिली, मुळ्या दुप्पट घातल्या, हिरडा घातला. रंग उतरतच राहिला. दसरा आला तेव्हा तिच्याकडे सुताची एकच लड उरली होती. ती वाळत घातली, तर शेजारच्या शेळ्या आत शिरल्या. त्यांनी तेलाचं मडकं लडीवर पालथं केलं, वर लेंड्या टाकून ती तुडवली. दुसरी रंगारीण असती तर लड फेकून देती. बयजानं ती राखेच्या पाण्यात धुतली आणि तेलाचा वास जाईना, तशीच कढईत टाकली. दुसऱ्या दिवशी नदीत पिळली, तर पाणी नितळ आणि सूत लालभडक.

आनंद करायला तिला सवड कुठं होती? हे नेमकं कशानं झालं? तेलानं, लेंड्यांनी की राखेनं? तिनं कोष्ट्यांकडून आणखी सूत आणलं. अक्षरओळख नव्हती, म्हणून लडींना गाठी मारल्या. एक गाठ नुसत्या तेलाची, दोन लेंड्यांची, तीन राखेची, पुढं सगळ्यांच्या मिसळीची. भिजवायची, उन्हात टाकायची, पुन्हा भिजवायची. शेवटी तिन्ही मिळून सात उन्हं दिलेली लड टिकली.

"रंग कच्चा नव्हता," ती हरबाजीला म्हणाली. "सूत कोरडं होतं. पाहुना येते, पन बसाले जागा नाही, मंग तो थांबंल कसा?"

हरबाजीला पटेना. तेव्हा बयजानं तिथल्या तिथं लुगडं विणून घेतलं आणि नदीतल्या खडकाला बांधलं. अवेळी पूर आला, खडकही वाहून गेला. नवव्या दिवशी लुगडं सापडलं ते पहिल्याहून लाल होतं, आणि पोहणारे मासे त्याला उगवता सूर्य समजून फेर धरत होते, असं म्हणतात. माग कोसरीतून हलले नाहीत.

"आतातरी बस," हरबाजी म्हणाला.

पण तेवढ्यात एक बाई तिच्याकडं लेकीचं हळदीनं रंगवलेलं लुगडं घेऊन आली. दोन उन्हांत पिवळा पांढरा पडला होता. तेल, राख, लेंड्या, बयजानं सगळं करून पाहिलं. हळद थांबेना. कच्चा रंग न देण्याचा शब्द तिला झोपू देईना. एका पहाटे कोऱ्या सुताचं गाठोडं डोक्यावर घेऊन ती नदीच्या कडेनं निघाली.

"कुठं चालली?" घाटावरच्या बायांनी विचारलं.

"पिवळा आनाले."

ती परत आली नाही. पण कुठल्याही गावच्या रंगाऱ्याच्या दारात कढई आपोआप ढवळली गेली, तर बयजा तिथून गेली असं म्हणतात.

कोसरीत आजही हळदीचा पिवळा विकत नाहीत. गिऱ्हाईकानं मागितला, तर दुकानदार दुसरं कापड पुढं सरकवतो आणि सांगतो, "पिवळा अजून झाला नाही. बाई आणायला गेल्या आहेत."